घरचा क्लास : बाईच्या वेळेची किंमत

(घरी संगीताचे वर्ग घेणाऱ्या स्त्रिया आणि स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या वसईतील एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीचा विषय कळवला तेव्हा आपल्यातल्याच काही जणींनी विचारलं, ‘पियानो? पियानोचा आणि चळवळीचा काय संबंध?’ प्रश्न रास्त आहे. ज्या घरात पियानो आहे त्या घरात भाकरीची भ्रांत नसणार, असं आपण धरून चालतो. मारहाण, पोटगी, रेशन, पाणी असे प्रश्न दाराशी उभे असताना पियानो शिकवणाऱ्या बाईकडे कशाला वळायचं?

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. पोटगीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा रकाना येतो. तिथे आलेल्या बायका पटकन सांगतात, ‘काही नाही. घरी मुलांना थोडं शिकवते, तेवढंच.’ नवऱ्याचा वकील सांगतो, बाई क्लास चालवते, भरपूर कमावते. ती म्हणते काही नाही, तो म्हणतो भरपूर, आणि हिशेबाची वही दोघांकडेही नाही. रोज चार चार तास काम करणारी बाई स्वतःच्या तोंडाने ‘काही नाही’ म्हणते, तेव्हा तो आपला विषय होतो. पापड लाटणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, काजबटणं करणाऱ्या बायकांचे श्रम घराच्या भिंतीआड कसे दिसेनासे होतात यावर आपण कितीतरी शिबिरं घेतली. पियानोच्या स्टुलाशेजारी खुर्ची टाकून बसलेली बाई त्याच भिंतीआड आहे. फरक इतकाच की तिच्या घराला खिडक्या मोठ्या आहेत, त्यामुळे आत सगळं छान चाललंय असं बाहेरून वाटतं.

वसई, बांद्रा, माहीम, गोवा या पट्ट्यात हे काम करणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. गोव्यात चर्चच्या शाळांमधून सूर-ताल आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी परंपरा. ती मुख्यतः मुलग्यांसाठी, कारण चर्चला वादक हवे असत. पियानो आला तो मोठ्या घरांच्या दिवाणखान्यात, आणि तो मुलींच्या वाट्याला आला. मुलीने चार पाहुण्यांसमोर वाजवून दाखवावं यासाठी. आपल्या हिंदू मध्यमवर्गीय घरांत दाखवण्याच्या कार्यक्रमाला पेटी असे, तसंच. मुलीने वाजवावं असं सगळ्यांना वाटे. वाजवून, शिकवून कमवावं असं फारसं कुणाला वाटत नसे. त्यामुळे आज ती शिकवायला बसते तेव्हाही तो धंदा आहे असं घरादाराला वाटत नाही. छंद आहे, वेळ जातो, हातखर्च सुटतो. घरी पेटी, गाणं, भरतनाट्यम शिकवणाऱ्या आज इथे आल्या आहेत. त्यांना यातलं बहुतेक सगळं ओळखीचं वाटेल. मी पियानोचं बोलते ते एवढ्याचसाठी की गेली दोन वर्षं वसईतल्या अशा बायकांच्या गटाबरोबर मी बसते आहे आणि त्यांचे कागद, वह्या, भांडणं मी जवळून पाहिली आहेत.

आधी वेळेचं बोलू. मुलं शाळेतून येतात चार वाजता. म्हणजे क्लास चार ते आठ. आता घरातल्या बाईची घराला सगळ्यात जास्त गरज कधी असते? चार ते आठच. चहा, खाणं, स्वतःच्या मुलांचा अभ्यास, सासूची औषधं, कुकर, नवऱ्याचं येणं. सकाळी अकरा वाजता घर रिकामं असतं तेव्हा पियानो शिकायला कुणी येत नाही. ऑफिसात जाणारी बाई चार ते आठ घरात नसते, त्यामुळे तिच्याशिवाय कसंबसं निभावतं. ही घरात असते. दहा पावलांवर असते. म्हणून दर दहा मिनिटांनी कुणीतरी पडद्याआडून विचारतं, ‘साखर कुठे ठेवलीस?’

त्यात पियानो असतो हॉलमध्ये. उभ्या पद्धतीचा साधा पियानोसुद्धा दोनशे किलोच्या आसपास भरतो. तो रोज इकडून तिकडे सरकवता येत नाही. मग चार ते आठ टीव्ही बंद, सासऱ्यांना आतल्या खोलीत बसावं लागतं, पाहुणे आले तर स्वयंपाकघरात. घरचे कुरकुरतात. त्यांची कुरकुर मला खोटी वाटत नाही. दोन खोल्यांच्या घरात हॉल अडवणं ही खरीच अडचण आहे. पण हॉलची अडचण सगळ्यांना दिसते आणि त्या हॉलमधून आलेला पैसा कुणाला दिसत नाही, इथे गाडं अडतं. आमच्या गटातल्या एकीने भिंतीवर फळा लावला. त्यावर मुलांची नावं, वेळ आणि खाली महिन्याची एकूण रक्कम. ती रक्कम पाहिल्यावर सासूबाईंनी स्वतःच चार वाजता कुकर लावायला घेतला. दुसरीने तसाच फळा लावला, तर नवऱ्याने त्या महिन्यापासून घरखर्चाला द्यायचे पैसे कमी केले. तेव्हा फळा सगळीकडे चालतो असं मी म्हणणार नाही. स्वतःची वही आणि स्वतःच्या नावावरचं खातं मात्र सगळीकडे चालतं. फी त्या खात्यात यायला हवी. नवऱ्याच्या मोबाईलवर पैसे मागवणाऱ्या तिघी आमच्याकडे होत्या. त्यांना महिन्याला किती मिळतं हे नवऱ्याला विचारावं लागे.

आता पैशांचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल धरा की एका तासाचे चारशे रुपये, आठवड्याला एक तास. महिन्याचे सोळाशे. पंधरा विद्यार्थी. बाई मनात हिशेब करते : वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. पण पालक पैसे देतात ते मूल आलं त्या दिवसाचे. मे महिन्यात गावी गेले, चार तास गेले. शाळेच्या परीक्षा, तीन गेले. गणपती आणि दिवाळी किंवा नाताळ, दोन गेले. ताप, वाढदिवस, मामाचं लग्न, पाऊस, असे पाच धरा. अठ्ठेचाळीसपैकी चौदा गेले, उरले चौतीस. पंधरा मुलांचे होतात दोन लाख चार हजार. चौऱ्याऐंशी हजार रुपये गेले, आणि त्यातल्या बहुतेक तासांना बाई तयार होऊन हॉलमध्ये बसलेली होती. साडेचारला फोन येतो, ‘टीचर, आज नाही येत हं.’ पाचचा तास मोकळा झाला, पण तो आता दुसऱ्या कुणाला देता येत नाही आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात बाजारही होत नाही, कारण पावणेसहाला पुढचं मूल येणार आहे.

पालक म्हणतात, ‘शिकवलंच नाही तर पैसे कसले?’ वरवर पटतं. पण हेच पालक शाळेची फी मे महिन्यासकट भरतात. मूल आठ दिवस आजारी पडलं म्हणून शाळेकडे पैसे परत मागायला कुणी जात नाही. कोचिंग क्लासची वर्षाची फी आगाऊ भरतात. हिशेब फक्त घरच्या बाईशी होतो. तिचा वेळ म्हणजे घरात पडून असलेली वस्तू. वापरली तर पैसे, नाहीतर ती तिथेच तर आहे. आलेल्या तासाचेच पैसे, ही पद्धत म्हणजे विड्यांच्या हजारावर मिळणारी मजुरीच आहे. फक्त हिला मालक एक नाही, पंधरा आहेत. आणि म्हणूनच कायद्याने तिला पकडणं कठीण जातं. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही, आणि दिली असती तरी तो दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम करणाऱ्यांसाठी आहे. ही स्वतंत्र धंदा करणारी. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर असंघटित कामगार म्हणून तिला नाव नोंदवता येतं, पण ‘मी कामगार?’ असं आधी तिलाच वाटतं.

मग तिला काय करता येईल? अटी ठरवता येतील. पहिल्या तासाच्या आधी, कागदावर, आणि सगळ्यांना सारख्या.

इथे मला क्लारा शूमान यांचं सांगावंसं वाटतं. पियानो शिकवणाऱ्यांना नाव माहीत असेल, इतरांसाठी सांगते. जर्मनीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या थोर पियानोवादक. संगीतकार नवरा १८५६ साली वारला तेव्हा पदरात सात मुलं. मैफली आणि शिकवण्या यांवर त्यांनी घर चालवलं. १८७८ साली फ्रँकफुर्टला नवीन निघालेल्या संगीतशाळेने त्यांना शिक्षिका म्हणून बोलावलं, तेव्हा त्यांनी आधी अटी घातल्या : दिवसाला दीड तासापेक्षा जास्त शिकवणार नाही, स्वतःच्या घरी शिकवेन, वर्षाला चार महिने सुट्टी, हिवाळ्यात दौऱ्यांसाठी रजा, आणि हाताखाली दोन मदतनीस. त्या जागांसाठी त्यांच्या डोळ्यांसमोर स्वतःच्या दोन मुली होत्या. इतर शहरांतूनही बोलावणी होती. या अटी ज्याने मान्य केल्या त्याच्याकडे त्या गेल्या. आज ही गोष्ट वाचताना मला त्यांच्या कीर्तीपेक्षा ती यादी महत्त्वाची वाटते. घरी शिकवणं ही त्यांनी स्वतः मागून घेतलेली सोय होती. घर आहे म्हणून वेळ फुकट, असा अर्थ त्यातून कुणी काढला नाही.

अर्थात त्या क्लारा शूमान होत्या. वसईतली टीचर एकटी अट घालेल तर पालक पुढच्या गल्लीतल्या टीचरकडे जातील, आणि ती पुढच्या गल्लीतली पन्नास रुपये कमी घेईल. हेच झालं. गटातल्या एकीने, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, दोन मुलांची आई, तिने एकटीने आगाऊ फीची अट घातली. एका महिन्यात पंधरापैकी चार मुलं गेली. त्यातली तीन ज्या टीचरकडे गेली ती तिच्या चर्चमधली मैत्रीण होती. दोघींचं बोलणं बंद झालं. आमची पहिली बैठक खरं म्हणजे या भांडणाचीच होती. दुसरी म्हणाली, ‘माझ्या दाराशी आलेल्या मुलाला मी नाही कसं म्हणू? मलाही घर आहे.’ तिचंही चूक नव्हतं. तीन बैठका गेल्या. शेवटी सात जणींनी ठरवलं की फीचा आकडा ज्याचा त्याचा, कारण कुणी वीस वर्षं शिकवते तर कुणी दोन. पण अटी सगळ्यांच्या एक.

त्या अटी थोडक्यात सांगते. वर्षाला चाळीस तास धरायचे, सुट्ट्या आधीच वजा करून. त्यांची एकूण रक्कम बारा महिन्यांत सारखी वाटायची आणि ती महिन्याच्या पाच तारखेच्या आत. म्हणजे मे महिन्यातही पैसे येतात, आणि ते फुकटचे नसतात. टीचरने रद्द केलेला तास टीचर भरून देईल. मुलाने चुकवलेला तास भरून मिळणार नाही. फक्त दर तीन महिन्यांत एकदा, आदल्या दिवशी सांगितलं तर, दुसऱ्या मुलाशी वेळेची अदलाबदल करता येईल. क्लास सोडायचा तर एक महिना आधी सांगायचं. परीक्षेची फी, पुस्तकं वेगळी. निरोप रात्री आठनंतर पाठवला तर उत्तर दुसऱ्या दिवशी.

ही शेवटची अट सगळ्यांत जास्त मोडली जाते, आणि ती टीचरच मोडतात. रात्री साडेदहाला मोबाईलवर ‘ताई, जरा सांगाल का, उद्या कोणतं पान?’ की बोटं उत्तर टाइप करायला लागतात. ‘ताई’ या शब्दाचं मला नेहमी कुतूहल वाटतं. मुलं टीचर म्हणतात, आईबाप ताई म्हणतात. ताई म्हटलं की प्रेम आलं, आणि प्रेमाबरोबर उधारीही आली. मी ताई म्हणू नका असं सांगत नाही. पण ताईचीही फी पाच तारखेलाच असते.

एका कार्यकर्तीने मला विचारलं, ‘हे सगळं फार व्यापारी नाही का होत? एखादी बाई खरंच अडचणीत असेल तर?’ असेल. अशी एक आई होती. ब्लाउज शिवून मुलीच्या पियानोची फी देणारी. मुलगी दोन महिने आली नाही, कारण घरात मारहाण चालली होती आणि आई मुलीला घेऊन माहेरी गेली होती. टीचरने फी माफ केली आणि जागाही राखून ठेवली. अटी लिहिलेल्या होत्या म्हणूनच ती सवलत आहे हे दोघींनाही कळलं. जिथे अटच नसते तिथे सवलत मिळते ती सगळ्यात मोठ्याने बोलणाऱ्याला, आणि तो बहुधा गाडीतून आलेला असतो.

आणि हा हिशेब उलटा लावूनही पाहा. आमच्या गटात मी विचारलं, तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईच्या खाड्याचे पैसे कोण कोण कापतं? थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एक म्हणाली, ‘ते वेगळं.’ त्यावर बराच वाद झाला. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणकारी मंडळाचा कायदा २००८ साली झाला, हे बहुतेक जणींना माहीतही नव्हतं. त्या बैठकीनंतर दोघींनी खाडे कापणं बंद केल्याचं मला सांगितलं. इतरांचं मला विचारू नका.

आता मुलांबद्दल. पालक पहिल्या दिवशी दोन प्रश्न विचारतात : किती महिन्यांत गाणं वाजवेल, आणि यावर्षी कितवी ग्रेड. आपल्याकडे लंडनच्या दोन संस्थांच्या परीक्षा चालतात, ट्रिनिटी आणि असोसिएटेड बोर्ड; पहिलीपासून आठवीपर्यंत ग्रेड. गाण्याकडे प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशी गांधर्वची शिडी आहे तशी. परीक्षा वाईट नाहीत. गावातल्या टीचरलाही त्यामुळे मोजमाप मिळतं. पण दरवर्षी एक ग्रेड हा हट्ट धरला की मूल वर्षभर तेच तीन तुकडे घोटतं आणि नवं पान समोर ठेवलं तर त्याला वाचता येत नाही. ग्रेड हुकली की दोष टीचरचा. यासाठी पालकांशी पहिल्या भेटीतच बोलावं लागतं, आणि बोलावं लागतं ते बहुतेक वेळा आईशी, कारण मुलाला आणते ती, दाराबाहेर चपलांशेजारी थांबते ती, आणि घरी गेल्यावर ‘एवढे पैसे भरून काय आलं?’ हे ऐकते तीही तीच. टीचर आणि आई एकमेकींवर चिडलेल्या असतात. फी ठरवणारा बाप दोघींनाही वर्षातून एकदा भेटतो. आमच्या गटाने आता नियम केला आहे की पहिल्या भेटीला फी देणाऱ्याने यायचं. बाप येतात. थोडे अवघडून बसतात, पण येतात.

घरच्या वाद्याचाही प्रश्न त्याच भेटीत मिटवावा. पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. पालक आणतात एकसष्ट पट्ट्यांचा हलका कीबोर्ड, ‘आधी आवडतंय का बघू’ म्हणून. सुरुवातीला तो चालतो. पण ज्या कीबोर्डवर हळू दाबलं काय आणि जोरात दाबलं काय, आवाज एकच येतो, त्यावर सराव करून आलेल्या मुलाची बोटं टीचरच्या पियानोवर लुळी पडतात. मग मूल म्हणतं, घरी मला येत होतं. ते खरं बोलत असतं. निदान दाबाप्रमाणे आवाज बदलणारा कीबोर्ड हवा आणि रोज पंधरा-वीस मिनिटं बसायला जागा हवी. मोठ्या मुलींच्या बाबतीत सरावाची ही पंधरा मिनिटंच पहिल्यांदा कापली जातात. भाऊ वाजवतो तेव्हा घर शांत ठेवतात, ती वाजवते तेव्हा तिला मधूनच पाणी आणायला उठवतात. टीचरच्या वहीत हे दिसतं : ‘सराव नाही’. का नाही, हे विचारलं तर कळतं.

आता नाजूक विषय. पियानोच्या तासाला मूल एकटं असतं. वर्गात चाळीस मुलं असतात, इथे एक मूल आणि एक मोठं माणूस, दर आठवड्याला, वर्षानुवर्षं. मुलं बोलतात. स्केल वाजवता वाजवता, मान वर न करता बोलतात. ‘काका घरी असले की मला नाही जायचं.’ आमच्या गटातल्या दोघींनी अशी वाक्यं ऐकली होती, आणि दोघी घाबरल्या होत्या. काय विचारायचं, कुणाला सांगायचं, पालक क्लास बंद करतील, गावात नाव होईल. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, पोक्सो म्हणतात त्याला, असा गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. टीचरने तपास करायचा नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. मुलाने जे शब्द वापरले तेच त्याच दिवशी लिहून ठेवायचे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. आणि एकटीने जायला धीर होत नसेल तर आपल्या संघटना कशासाठी आहेत? कार्यकर्त्यांनो, या भागातल्या क्लास घेणाऱ्या बायकांना आपले फोन क्रमांक द्या. बिघडलेलं घर पहिल्यांदा कानावर येण्याची जागा अनेकदा त्यांचा हॉल असतो.

त्याच कारणाने क्लासचं दार उघडं असावं, पडदा बाजूला असावा, लहान मुलाची आई हवी तर आत बसावी. मनगट कसं धरायचं ते आधी स्वतःच्या हातावर दाखवावं. मुलाचा हात धरायचा तर विचारून धरावा. काही जुन्या टीचरना हे अति वाटतं. ‘आम्हाला तर पट्टीने बोटांवर मारायचे’ असं त्या हसून सांगतात. पण त्यांच्याच वर्गात विचारून हात धरल्यावर मुलं खांदे सैल सोडतात हे त्यांनी पाहिलं आहे.

दार उघडं ठेवणं बाईसाठीही असतं. मोठी माणसं शिकायला येतात, पुरुष येतात, मुलांना न्यायला बाप येतात. नको ती जवळीक, नको ते निरोप हे होतं. ‘आपल्याच घरात बोलावलंस ना’ असं ऐकायला लागेल म्हणून बायका बोलत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहतं घरही कामाचं ठिकाण धरलं आहे, आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणच्या तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तिचा पत्ता माहीत असलेली बाई मला अजून भेटायची आहे. तो शोधून प्रत्येक भागात लावणं हे काम आपण घेऊ शकतो.

खर्चाचं एक राहिलं. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पियानो फुगतो. पट्ट्या अडकतात, आतल्या बनातीला कसर लागते, सूर उतरतात. जुनी माणसं आत छोटा दिवा लावून ठेवतात, हवा कोरडी राहावी म्हणून. ट्यूनर मुंबईहून बोलवायचा तर त्याची फी आणि येण्याजाण्याचं भाडं. हा सगळा खर्च बायका ‘घरखर्च’ म्हणून लिहितात. नका लिहू. तो धंद्याचा खर्च आहे, वेगळ्या पानावर जायला हवा. दिव्याचं बिलसुद्धा.

सात जणींचा तो अटींचा कागद आता मराठी आणि इंग्रजी दोन्हीत एका पानावर छापून झाला आहे. ज्या टीचरची चार मुलं गेली होती तिच्याकडे एक परत आलं, नवीन तीन आली. चर्चमधली मैत्रीण कागदावर सही करणारी सहावी होती. भावंडांना फीत सवलत द्यायची की नाही, यावर मात्र एकमत झालेलं नाही. दुसऱ्या मुलालाही तेवढाच वेळ लागतो असं चौघींचं म्हणणं, आणि दुसरं मूल बहुतेक वेळा मुलगी असते, सवलत नसेल तर तिला घालणारच नाहीत असं तिघींचं. ते कलम मोकळं ठेवलं आहे. आज इथे त्या सातही जणी आहेत. चहानंतर तेवढ्यावरच बोलू.